संक्षुब्ध प्रवाहाची प्रतिमाने आणि भिंतीलगतची जाळी

संगणकीय द्रायुयामिकीमध्ये संक्षुब्ध (टर्ब्युलंट) प्रवाहाचे गणन करताना दोन निर्णय सुरुवातीलाच घ्यावे लागतात. संक्षोभाचा परिणाम कोणत्या गणिती प्रतिमानाने, म्हणजे टर्ब्युलन्स मॉडेलने, दर्शवायचा हा पहिला निर्णय होय. घन पृष्ठभागालगत गणनाची जाळी किती बारीक ठेवायची हा दुसरा. हे निर्णय वेगवेगळे वाटले तरी ते एकमेकांवर अवलंबून असतात. प्रत्येक प्रतिमान भिंतीजवळच्या प्रवाहाविषयी काही गोष्टी गृहीत धरते आणि त्या गृहीतकांना साजेशी जाळी नसेल तर चांगले प्रतिमानही चुकीचे उत्तर देते. विमानाच्या पंखाचे उत्थापन, मोटारीवरील हवेचा रोध, नळातील दाबघट, टर्बाइनच्या पात्यांचे तापमान या सर्व राशी भिंतीलगतच्या अतिशय पातळ थरात ठरतात. त्यामुळे अभियांत्रिकी गणनाची विश्वासार्हता बहुतांशी या दोन निर्णयांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

द्रायूचा (द्रवाचा किंवा वायूचा) प्रवाह स्तरीय किंवा संक्षुब्ध असू शकतो. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून या दोन अवस्थांमधील फरक दाखवला. वेग, लांबी आणि श्यानता यांपासून मिळणाऱ्या एका परिमाणरहित अंकावर प्रवाहाची अवस्था अवलंबून असते, असे त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. या अंकास आता रेनल्ड्स अंक म्हणतात. हा अंक मोठा असतो तेव्हा जडत्वाच्या मानाने श्यानतेचा प्रभाव कमी पडतो आणि प्रवाहात लहानमोठे भोवरे निर्माण होतात. मोठे भोवरे फुटून लहान होतात, ते आणखी लहान होतात आणि अखेरीस अतिसूक्ष्म भोवऱ्यांची ऊर्जा श्यानतेमुळे उष्णतेत रूपांतरित होते. या ऊर्जासंक्रमणाचा संख्यात्मक सिद्धांत आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मांडला.

द्रायूच्या गतीची नेव्हिए-स्टोक्स समीकरणे संक्षुब्ध प्रवाहालाही पूर्णपणे लागू पडतात, त्यामुळे तत्त्वतः वेगळ्या प्रतिमानाची गरज नाही. मात्र सर्वांत लहान भोवऱ्यापर्यंतचा तपशील टिपायचा झाल्यास जाळीतील बिंदूंची संख्या साधारणतः रेनल्ड्स अंकाच्या ९/४ घाताच्या प्रमाणात वाढते. रेनल्ड्स अंक दहापट झाला की बिंदूंची संख्या सुमारे १८० पट होते, शिवाय कालांतरेही लहान घ्यावी लागतात. जॉन किम, परविझ मोइन आणि रॉबर्ट मोझर यांनी १९८७ साली दोन समांतर भिंतींमधील प्रवाहाचे असे थेट गणन प्रसिद्ध केले. तुलनेने लहान रेनल्ड्स अंकाच्या या साध्या प्रवाहासाठीही सुमारे ४० लाख बिंदू लागले होते. संपूर्ण विमान किंवा जहाज यांच्यासाठी ही पद्धत आजही व्यवहार्य नाही. त्यामुळे संक्षोभाचा काही भाग किंवा संपूर्ण संक्षोभ प्रतिमानाद्वारे दर्शवावा लागतो.

सरासरी समीकरणे आणि अपुरेपणाचा प्रश्न

रेनल्ड्स यांनी १८९५ मध्ये वेगाचे दोन भाग कल्पिले : कालसरासरी वेग आणि त्याभोवतीचा चढउतार. हे दोन भाग मूळ समीकरणांत घालून सरासरी घेतली असता सरासरी वेगाची समीकरणे मिळतात. परंतु चढउतारांच्या गुणाकाराची सरासरी शून्य होत नसल्याने या समीकरणांत सहा नव्या अज्ञात राशी शिल्लक राहतात. त्यांना रेनल्ड्स प्रतिबले म्हणतात. समीकरणांपेक्षा अज्ञात राशी जास्त झाल्याने संच अपुरा राहतो. तो पुरा करण्यासाठी प्रतिमान लागते.

बहुतेक व्यावहारिक प्रतिमाने जोसेफ बुसिनेस्क यांनी १८७७ मध्ये सुचवलेल्या कल्पनेवर आधारलेली आहेत. संक्षोभामुळे होणारे संवेगाचे वहन जणू वाढीव श्यानतेमुळे होते, असे या कल्पनेत मानले जाते. या वाढीव श्यानतेस आवर्त श्यानता म्हणतात. ती द्रायूचा गुणधर्म नसून प्रवाहाचा गुणधर्म आहे, म्हणून ती ठिकाणागणिक बदलते. लुडविग प्रांटल यांनी १९२५ मध्ये मिश्रणलांबीच्या साहाय्याने तिची किंमत काढण्याची पद्धत दिली. पुढील प्रतिमानांत हीच किंमत एक किंवा दोन अतिरिक्त समीकरणे सोडवून काढली जाते.

भिंतीलगतच्या प्रवाहाची रचना

प्रत्यक्ष भिंतीवर द्रायूचा वेग भिंतीइतकाच, म्हणजे स्थिर भिंतीवर शून्य, असतो. तेथून बाहेरच्या प्रवाहाच्या वेगापर्यंत वाढ ज्या पातळ थरात होते त्यास सीमास्तर म्हणतात. ही संकल्पना प्रांटल यांनी १९०४ साली मांडली. सीमास्तराच्या आतील भागाचे वर्णन करण्यासाठी पुढील दोन राशी वापरतात.

घर्षणवेग = (भिंतीवरील कर्तन प्रतिबल ÷ घनता) चे वर्गमूळ

वाय-प्लस = घर्षणवेग × भिंतीपासूनचे अंतर ÷ शुद्धगतिक श्यानता

वाय-प्लस हे भिंतीपासूनचे परिमाणरहित अंतर होय. वेगाला घर्षणवेगाने भागले की यू-प्लस हा परिमाणरहित वेग मिळतो. या मापांत पाहिल्यास गुळगुळीत भिंतीवरील, भिंतीला चिकटून वाहणाऱ्या निरनिराळ्या प्रवाहांची रचना जवळजवळ सारखीच दिसते :

• श्यान उपस्तर (वाय-प्लस ५ पेक्षा कमी) : येथे श्यानतेचे वर्चस्व असते आणि यू-प्लस जवळपास वाय-प्लसइतका असतो.
• बफर स्तर (वाय-प्लस ५ ते ३०) : येथे श्यानता आणि संक्षोभ या दोहोंचा प्रभाव तुल्यबळ असतो. संक्षोभाची निर्मिती येथेच सर्वाधिक होते.
• लॉगरिथमी स्तर (वाय-प्लस ३० च्या पुढे, सीमास्तराच्या जाडीच्या सुमारे १० ते २० टक्क्यांपर्यंत) : येथे वेग अंतराच्या लॉगरिथमाच्या प्रमाणात वाढतो. थिओडोर फॉन कारमान यांनी १९३० मध्ये मांडलेल्या या नियमातील स्थिरांक सुमारे ०.४१ असून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

रेषीय आणि लॉगरिथमी नियमांचे आलेख वाय-प्लस सुमारे ११ असताना एकमेकांना छेदतात. मात्र त्या ठिकाणी प्रत्यक्ष प्रवाह कोणत्याच नियमाचे पालन करत नाही. तेथील यू-प्लस सुमारे ९ असतो, म्हणजे दोन्ही नियमांनी दिलेल्या किमतीपेक्षा कमी. चुकीचा नियम लावल्यास किती फरक पडतो हे वाय-प्लस ५ या ठिकाणी दिसते. तेथे रेषीय नियमाने यू-प्लस ५ मिळतो, तर लॉगरिथमी नियमाने तो जवळजवळ ९ येतो.

भिंत हाताळण्याच्या दोन पद्धती

भिंतीजवळ वेगाचा उतार अतिशय तीव्र असतो. तो हाताळण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत जाळी भिंतीपर्यंत पुरेशी बारीक करून श्यान उपस्तरासह संपूर्ण सीमास्तराचे गणन करतात. यासाठी पहिल्या कोष्ठाच्या केंद्राचे वाय-प्लस सुमारे १ किंवा त्याहून कमी असावे लागते. भिंतीपासून दूर जाताना कोष्ठांची जाडी हळूहळू, साधारणतः दर थराला १.२ पटीपेक्षा जास्त नाही अशा प्रमाणात, वाढवतात. अर्थात त्यासाठी वापरलेले प्रतिमान श्यान उपस्तरात वैध असले पाहिजे.

दुसऱ्या पद्धतीत पहिल्या कोष्ठाचे केंद्र मुद्दाम लॉगरिथमी स्तरात ठेवतात आणि भिंत ते केंद्र यांमधील प्रवाहाचे गणन न करता लॉगरिथमी नियमावरून भिंतीवरील प्रतिबल काढतात. या सूत्रांना भित्ति-फलने (वॉल फंक्शन) म्हणतात. येथे पहिल्या केंद्राचे वाय-प्लस ३० पेक्षा जास्त आणि लॉगरिथमी स्तराच्या वरच्या मर्यादेपेक्षा कमी असावे लागते. अनेक पुस्तकांत ३० ते ३०० असा पल्ला दिलेला आढळतो. वरची मर्यादा मात्र स्थिर नसते. ती रेनल्ड्स अंकानुसार बदलते. लहान रेनल्ड्स अंकाच्या प्रवाहात लॉगरिथमी स्तर वाय-प्लस १५० किंवा २०० लाच संपू शकतो. तेथे २५० वर ठेवलेला पहिला बिंदू पुस्तकातील पल्ल्यात बसत असला तरी तो नियमाच्या कक्षेबाहेरच असतो.

भित्ति-फलनांचा एक परिणाम नवशिक्यांना गोंधळात टाकतो. सामान्यतः जाळी बारीक केली की उत्तर सुधारते, अशी अपेक्षा असते. मूळ भित्ति-फलने वापरत असताना मात्र जाळी बारीक करत गेल्यास पहिला बिंदू बफर स्तरात आणि नंतर श्यान उपस्तरात उतरतो आणि उत्तर बिघडू लागते. यावर उपाय म्हणून दोन प्रकारची सुधारित सूत्रे प्रचारात आली. पहिल्या प्रकारात वाय-प्लसची किंमत सुमारे ११ च्या खाली जाऊ दिली जात नाही. दुसऱ्या प्रकारात रेषीय व लॉगरिथमी नियमांचे सलग मिश्रण केलेले असते व त्यास स्वयंचलित भित्ति-उपचार असे म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारामुळे जाळीतील उणिवांचा परिणाम सौम्य होतो. तरीही बफर स्तरात ठेवलेला पहिला बिंदू ही टाळण्याजोगीच गोष्ट राहते.

एक उदाहरण

२० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या हवेत ठेवलेली १ मीटर लांबीची सपाट, गुळगुळीत पट्टी विचारात घेऊ. हवेची शुद्धगतिक श्यानता ०.००००१५ चौरस मीटर प्रतिसेकंद आणि घनता १.२ किलोग्रॅम प्रतिघनमीटर धरल्यास पट्टीच्या मागील कडेशी रेनल्ड्स अंक सुमारे १३.३ लाख येतो.

वाय-प्लस काढण्यासाठी घर्षणवेग लागतो आणि घर्षणवेग तर गणनानंतरच कळतो. त्यामुळे प्रथम अनुभवसिद्ध सूत्राने अंदाज बांधावा लागतो. घर्षणगुणांक म्हणजे ०.०२६ भागिले रेनल्ड्स अंकाचे सातवे मूळ, हे सूत्र घेतल्यास गुणांक सुमारे ०.००३५, कर्तन प्रतिबल सुमारे ०.८३ पास्कल आणि घर्षणवेग सुमारे ०.८३ मीटर प्रतिसेकंद मिळतो. त्यावरून :

• वाय-प्लस १ म्हणजे भिंतीपासून सुमारे ०.०१८ मिलिमीटर.
• वाय-प्लस ३० म्हणजे सुमारे ०.५४ मिलिमीटर.
• सीमास्तराची एकूण जाडी सुमारे २२ मिलिमीटर, म्हणजे वाय-प्लस सुमारे १,२००.

ज्या गणनपद्धतीत राशी कोष्ठाच्या केंद्राशी साठवतात तेथे पहिल्या कोष्ठाची उंची केंद्राच्या अंतराच्या दुप्पट असते. म्हणून वाय-प्लस १ साठी पहिला कोष्ठ ०.०३६ मिलिमीटर उंचीचा घ्यावा लागेल आणि १.२ पटीने वाढत २२ मिलिमीटरपर्यंत पोहोचण्यासाठी सुमारे २७ थर लागतील. भित्ति-फलने वापरून वाय-प्लस ५० निवडल्यास पहिला कोष्ठ १.८ मिलिमीटरचा होतो आणि ७ थर पुरतात. खर्चातील फरक येथे उघड दिसतो. मात्र ७ थरांत सीमास्तराच्या बाह्य भागाचा आकारही धड टिपला जात नाही. म्हणून भित्ति-फलने वापरतानाही वाढीचे प्रमाण कमी ठेवून सीमास्तरात १० ते १५ थर घेणे हितावह ठरते.

याच पट्टीवरून १.३३ मीटर प्रतिसेकंद वेगाने पाणी वाहत असेल, तर पाण्याची शुद्धगतिक श्यानता हवेच्या सुमारे एक-पंधरांश असल्याने रेनल्ड्स अंक तोच राहतो आणि वर दिलेली सर्व अंतरेही तीच राहतात. जाळीची बारकाई द्रायूच्या नावावरून ठरत नाही. ती वस्तूची लांबी आणि रेनल्ड्स अंक यांवरून ठरते. लांबी तीच ठेवून वेग दुप्पट केल्यास पहिल्या कोष्ठाची उंची जवळजवळ निम्मी करावी लागते.

गणन पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष घर्षणवेग वापरून संपूर्ण पृष्ठभागावरील वाय-प्लस पुन्हा तपासणे आवश्यक असते. एखाद्या पंखावर पुढच्या कडेशी वेग जास्त व सीमास्तर पातळ असतो, तर मागील कडेशी उलट स्थिती असते. त्यामुळे एकाच उंचीच्या कोष्ठांनी सर्वत्र सारखे वाय-प्लस मिळत नाही. केवळ सरासरी वाय-प्लस पाहून जाळी योग्य ठरवणे फसवे ठरते.

प्रमुख प्रतिमाने

के-एप्सिलॉन प्रतिमान : यात संक्षोभाची गतिज ऊर्जा (के) आणि तिच्या ऱ्हासाचा दर (एप्सिलॉन) यांची दोन समीकरणे सोडवतात. विल्यम जोन्स आणि ब्रायन लाँडर यांनी १९७२ मध्ये आणि लाँडर व ब्रायन स्पाल्डिंग यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यातून त्याचे प्रचलित रूप सिद्ध झाले. मूळ रूपात ते श्यान उपस्तरात वैध नसल्याने भित्ति-फलनांसह वापरले जाते. भिंतीपासून दूरच्या अनेक प्रवाहांत आणि औद्योगिक नळ-भांड्यांत ते समाधानकारक ठरते. मात्र प्रतिकूल दाबप्रवणतेत, म्हणजे प्रवाहाच्या दिशेने दाब वाढत असताना, ते सीमास्तरास प्रत्यक्षापेक्षा जास्त काळ भिंतीला चिकटवून ठेवते. जेथे धार भिंतीवर आदळते तेथे ते संक्षोभाची ऊर्जा अवाजवी वाढवते, त्यामुळे तेथील उष्णतावहनाचा अंदाज फुगतो.

के-ओमेगा प्रतिमान : डेव्हिड विल्कॉक्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या रूपात एप्सिलॉनऐवजी ओमेगा ही विशिष्ट ऱ्हासदराची राशी वापरतात. कोल्मोगोरोव्ह यांनी १९४२ मध्येच अशा प्रकारची कल्पना सुचवली होती. हे प्रतिमान खास दुरुस्त्यांशिवाय भिंतीपर्यंत वापरता येते आणि प्रतिकूल दाबप्रवणतेत के-एप्सिलॉनपेक्षा चांगले ठरते. मूळ रूपाचा मोठा दोष असा की बाहेरच्या मुक्त प्रवाहात ओमेगाची जी किंमत दिली जाते तिच्यावर उत्तर अवास्तव प्रमाणात अवलंबून राहते.

के-ओमेगा एसएसटी प्रतिमान : फ्लोरियन मेंटर यांनी १९९४ मध्ये या दोन प्रतिमानांचा मेळ घातला. भिंतीजवळ के-ओमेगा आणि दूर के-एप्सिलॉनचे रूप अशी योजना त्यात आहे. शिवाय कर्तन प्रतिबल संक्षोभाच्या ऊर्जेच्या विशिष्ट प्रमाणाबाहेर जाऊ नये यासाठी आवर्त श्यानतेवर मर्यादा घातलेली आहे. प्रवाहाचे विलगन महत्त्वाचे असते अशा वैमानिकीय व यंत्राभियांत्रिकीतील प्रश्नांत हे प्रतिमान प्रथम निवडण्याची प्रथा रूढ झाली आहे.

स्पालार्ट-ऑलमारस प्रतिमान : फिलिप स्पालार्ट आणि स्टीव्हन ऑलमारस यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या या प्रतिमानात आवर्त श्यानतेशी निगडित एकच समीकरण सोडवतात. ते पंख व विमानाच्या बाह्य प्रवाहासाठी घडवलेले आहे. गणन स्वस्त व स्थिर असते. मुक्त धारांसाठी ते योग्य नाही.

रेनल्ड्स प्रतिबल प्रतिमाने : बुसिनेस्क यांची कल्पना सोडून प्रत्येक प्रतिबलासाठी स्वतंत्र समीकरण सोडवण्याचा हा मार्ग आहे. लाँडर, गॉर्डन रीस आणि वोल्फगांग रोडी यांचे १९७५ चे प्रतिमान या वर्गातील प्रसिद्ध उदाहरण होय. चौरस छेदाच्या नळात कोपऱ्यांकडे जाणारे दुय्यम प्रवाह किंवा चक्रवाती धूळविलगकातील तीव्र फिरता प्रवाह यांसाठी अशा प्रतिमानाची गरज भासते, कारण साधी आवर्त श्यानता असे परिणाम दाखवूच शकत नाही. त्याची किंमत म्हणजे वाढलेला खर्च आणि अवघड अभिसरण.

मोठ्या भोवऱ्यांचे गणन : या पद्धतीत मोठे भोवरे थेट गणनाने आणि केवळ जाळीपेक्षा लहान भोवरे प्रतिमानाने हाताळतात. तिचा उगम जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांच्या १९६३ च्या हवामानविषयक कार्यात आहे. भिंतीजवळ मात्र 'मोठे' भोवरेही अतिशय लहान असतात. त्यामुळे येथे केवळ लंब दिशेने नव्हे, तर प्रवाहाच्या आणि रुंदीच्या दिशेनेही बारीक जाळी लागते. वरील पट्टीच्या उदाहरणात कोष्ठाची लांबी परिमाणरहित मापात ६० आणि रुंदी २० ठेवली, तर १ मीटर लांब व अर्धा मीटर रुंद पट्टीवर भिंतीलगतच्या एका थरातच सुमारे १३ लाख कोष्ठ होतात.

संमिश्र पद्धती : हा खर्च टाळण्यासाठी भिंतीजवळ सरासरी समीकरणे आणि विलगन झालेल्या भागात मोठ्या भोवऱ्यांचे गणन अशी विभागणी करतात. स्पालार्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सुचवलेली डीईएस पद्धत या वर्गातील आद्य होय. तिच्यात जाळीचा आकारच कोणत्या भागात कोणते प्रतिमान चालू होईल हे ठरवतो. सीमास्तराच्या आत जाळी चुकीच्या रीतीने बारीक केल्यास प्रतिमान अकाली बदलते आणि प्रवाह केवळ जाळीमुळे विलग होतो. हा दोष दूर करण्यासाठी २००६ मध्ये सुधारित रूप मांडण्यात आले.

पायरीमागील प्रवाह : एक कसोटी

प्रतिमाने आणि जाळी यांची परीक्षा घेण्यासाठी काही प्रयोग प्रमाणभूत मानले जातात. डेव्हिड ड्रायव्हर आणि एच. ली सीगमिलर यांनी अमेरिकेतील नासाच्या एम्स केंद्रात केलेला आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग हा त्यांपैकी एक. यात वायुमार्गाच्या तळाशी १.२७ सेंटिमीटर उंचीची पायरी असून हवा सुमारे ४४ मीटर प्रतिसेकंद वेगाने तिच्यावरून खाली उतरते. पायरीच्या कडेशी प्रवाह भिंतीपासून सुटतो, मागे उलट फिरणारा भोवरा तयार होतो आणि पुढे प्रवाह पुन्हा तळाला मिळतो. समांतर भिंतींच्या मांडणीत हे अंतर पायरीच्या उंचीच्या ६.२६ पट, ०.१० इतक्या कमीअधिक फरकासह, मोजले गेले.

येथे विलगनाचे स्थान पायरीच्या कडेने निश्चित केलेले असल्याने प्रश्न सोपा वाटतो. तरीही मूळ के-एप्सिलॉन प्रतिमान भित्ति-फलनांसह वापरल्यास प्रवाह प्रत्यक्षापेक्षा आधीच तळाला मिळतो. एसएसटी आणि स्पालार्ट-ऑलमारस ही प्रतिमाने बारीक जाळीवर मापनाच्या बरीच जवळ पोहोचतात. या प्रवाहातून भित्ति-फलनांची मूलभूत मर्यादाही कळते. प्रवाह ज्या ठिकाणी पुन्हा तळाला मिळतो तेथे सरासरी कर्तन प्रतिबल शून्य असते. म्हणून तेथील घर्षणवेग आणि वाय-प्लसही शून्य होतात, जाळी कितीही जाड असली तरी. लॉगरिथमी नियमाचा आधारच तेथे नाहीसा होतो. यामुळे अनेक संगणकप्रणालींत घर्षणवेगाऐवजी संक्षोभाच्या ऊर्जेपासून काढलेला वेग वापरतात. ती ऊर्जा त्या ठिकाणी शून्य नसल्याने गणन कोलमडत नाही. परंतु लॉगरिथमी नियम तेथे खरा ठरतो, असा याचा अर्थ होत नाही.

विलगनाचे स्थान भूमितीने निश्चित नसते तेव्हा अडचण वाढते. एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अभ्यासलेली मोटारीसारखी साधी आकृती याचे उदाहरण होय. तिच्या मागील उताराचा कोन ३५ अंश असताना प्रवाह उतारावरून पूर्ण सुटतो व सरासरी समीकरणांची प्रतिमाने बरे उत्तर देतात. कोन २५ अंश असताना तो काही भागात सुटून पुन्हा चिकटतो आणि येथे याच प्रतिमानांचे निष्कर्ष एकमेकांपासून आणि मापनापासून ठळकपणे वेगळे पडतात.

स्तरीय ते संक्षुब्ध संक्रमण

वरील बहुतेक प्रतिमाने प्रवाह सुरुवातीपासून संक्षुब्ध आहे असे मानतात. वास्तवात सीमास्तर प्रथम स्तरीय असतो. शांत प्रवाहातील गुळगुळीत पट्टीवर संक्रमण साधारणतः रेनल्ड्स अंक ५ लाखांच्या आसपास होते, असे पाठ्यपुस्तकांत धरतात. त्या हिशेबाने वरील उदाहरणातील पट्टीचा पहिला सुमारे ३७ सेंटिमीटर भाग स्तरीय असू शकतो. त्या ठिकाणी संक्षुब्ध घर्षण स्तरीय घर्षणाच्या सुमारे चौपट असते. म्हणजे संपूर्ण पट्टी संक्षुब्ध धरल्यास एकूण रोधाचा अंदाज जास्त येतो आणि जाळी कितीही बारीक केली तरी ही चूक दूर होत नाही.

या विषयात भारतीय संशोधकांचे कार्य मोलाचे आहे. सतीश धवन यांनी अमेरिकेत असताना पृष्ठघर्षणाचे थेट मापन केले. ते कार्य १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी संक्रमणाच्या टप्प्यातील सीमास्तराचे वर्णन केले व ते १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रवाह किती काळ संक्षुब्ध असतो याचे प्रमाण दर्शवणारी खंडितता ही राशी त्यात केंद्रस्थानी आहे. आजच्या अनेक संक्रमण-प्रतिमानांत हीच राशी वापरली जाते. अशा प्रतिमानांसाठी वाय-प्लस १ च्या आसपास असणे अत्यावश्यक असते.

खडबडीत पृष्ठभाग

खडबडीत भिंतीवर उंचवट्यांची उंची श्यान उपस्तरापेक्षा मोठी असेल तर तो उपस्तर अस्तित्वातच राहत नाही. अशा वेळी वाय-प्लस १ साठी झटणे निरर्थक असते. योहान निकुराड्झे यांनी १९३३ मध्ये वाळूचे कण चिकटवलेल्या नळ्यांवर केलेले प्रयोग या अभ्यासाचा पाया होत. उंचवट्यांची परिमाणरहित उंची सुमारे ५ पेक्षा कमी असल्यास पृष्ठभाग गुळगुळीत समजतात आणि सुमारे ७० पेक्षा जास्त असल्यास पूर्ण खडबडीत समजतात. भित्ति-फलने वापरताना पहिल्या कोष्ठाचे केंद्र समतुल्य उंचवट्याच्या वर असावे लागते. इमारती, शेते, झाडी यांवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या गणनात हा नियम विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे समतुल्य खडबडीतपणा मिलिमीटरमध्ये नव्हे, तर मीटरमध्येही असू शकतो.

निवडीची दिशा

कोणतेही एक प्रतिमान सर्व प्रवाहांसाठी उत्तम नाही. कोणती राशी किती अचूक हवी आहे, यावरून निवड करणे श्रेयस्कर असते.

• लांब नळातील दाबघट किंवा मोठ्या दालनातील हवेचे सर्वसाधारण वितरण हवे असेल आणि विलगन गौण असेल, तर के-एप्सिलॉन व भित्ति-फलने पुरेशी ठरू शकतात.
• पंखाचा रोध, प्रवाहविलगन, पंप व टर्बाइनची पाती यांसाठी एसएसटी किंवा स्पालार्ट-ऑलमारस आणि वाय-प्लस सुमारे १ असलेली जाळी योग्य असते.
• भिंतीवरील उष्णतावहन हवे असेल तर वाय-प्लस १ किंवा त्याहून कमी ठेवतात. पाणी व तेल यांसारख्या द्रवांत तापमानाचा स्तर वेगाच्या स्तरापेक्षा पातळ असल्याने जाळी आणखी बारीक लागते.
• तीव्र फिरता प्रवाह किंवा कोपऱ्यांतील दुय्यम प्रवाह असल्यास रेनल्ड्स प्रतिबल प्रतिमानांचा विचार करतात.
• आवाज, कंपने, इमारतीवरील वाऱ्याचे झोत अशा काळानुसार बदलणाऱ्या राशी हव्या असतील तर मोठ्या भोवऱ्यांचे गणन किंवा संमिश्र पद्धती लागते. सरासरी समीकरणांतून ही माहिती मिळत नाही.

पडताळणी आणि मर्यादा

गणनातील अवशेष लहान झाले आणि उत्तर स्थिरावले म्हणजे समीकरणे सुटली, इतकाच निष्कर्ष काढता येतो. ती समीकरणे त्या प्रवाहास लागू होती की नाही, हे त्यावरून कळत नाही. म्हणून दोन स्वतंत्र तपासण्या कराव्या लागतात. पहिल्या तपासणीत एकाच प्रश्नाची किमान तीन जाळ्यांवर उत्तरे काढून जाळीमुळे येणारी त्रुटी अजमावतात. पॅट्रिक रोच यांनी १९९४ मध्ये यासाठी एक निर्देशांक सुचवला. भित्ति-फलने वापरताना मात्र जाळी सर्व दिशांनी बारीक करत असतानाही पहिल्या कोष्ठाची उंची लॉगरिथमी स्तरातच राहील याची काळजी घ्यावी लागते, अन्यथा तुलनाच निरर्थक होते. दुसऱ्या तपासणीत उत्तराची तुलना मापनाशी करतात. प्रत्यक्ष प्रश्नासाठी मापन उपलब्ध नसेल तर त्याच्यासारखी भौतिक वैशिष्ट्ये असलेला प्रमाणभूत प्रयोग निवडतात.

प्रतिमानांतील स्थिरांक मर्यादित साध्या प्रवाहांवरून ठरवलेले असतात. के-एप्सिलॉनमधील ०.०९, १.४४ आणि १.९२ हे आकडे निसर्गाचे स्थिरांक नाहीत. एखाद्या मापनाशी जुळावे म्हणून ते बदलल्यास तेवढ्यापुरते उत्तर जुळते, परंतु अन्य प्रवाहांतील विश्वासार्हता गमावली जाते. तसेच जाड जाळीची त्रुटी आणि प्रतिमानाची त्रुटी परस्परविरुद्ध दिशेच्या असतील तर त्या एकमेकींना झाकतात. अशा वेळी मापनाशी जुळणारे उत्तरही योगायोगाचे असू शकते आणि जाळी सुधारताच ते बिघडते. त्यामुळे गणनाचा अहवाल देताना प्रतिमानाचे नेमके रूप, भिंतीची हाताळणी, पृष्ठभागावरील वाय-प्लसचा पल्ला, सीमास्तरातील थरांची संख्या आणि प्रवेशद्वाराशी दिलेली संक्षोभाची तीव्रता यांची नोंद करणे आवश्यक मानले जाते. या नोंदींशिवाय दिलेला रोधगुणांक किंवा उष्णतावहनाचा आकडा दुसऱ्या कोणास पडताळून पाहता येत नाही.